ॲसिड आणि स्पिरिट एकाच कपाटात होतं, ते वेगळं करतानाच्या नोंदी

आमचं ज्युनियर कॉलेज विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी आहे, अकरावी-बारावी सायन्सच्या चार तुकड्या, एक केमिस्ट्री लॅब आणि तिला लागून दहा बाय बाराची स्टोअर रूम, वर टिनाचं छत. मी प्रयोगशाळा सहायक. परिचर काका माझ्या कितीतरी आधीपासून इथे आहेत, पुढच्या मे अखेरीस रिटायर होतात. आमच्यासारखीच जुनी स्टोअर रूम ज्यांच्या गळ्यात आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून जमेल तसं लिहून ठेवतेय.

१४ ऑक्टोबर २०२४

दसऱ्याची सुट्टी संपली. काकांनी लोखंडी कपाटातून लायकर अमोनियाची, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या तीव्र अमोनियाची बाटली काढली आणि तिच्या वरची फळी एका बाजूने खाली आली. फळीचे हुक गंजून काडीएवढे झाले होते, वरून रंग शाबूत असल्यामुळे कधी दिसलंच नाही. फळीवर हायड्रोक्लोरिक ॲसिडची अडीच लिटरची बाटली होती, अर्धी भरलेली, ती शहाबादी फरशीवर फुटली. काकांच्या हातात अमोनिया, तिचं बूच सैल, त्यामुळे बघता बघता खोलीभर पांढरा धूर झाला, समोरची भिंत दिसेना. आम्ही दोघं बाहेर पळालो, काकांनी बाटली मात्र हातातून सोडली नाही, व्हरांड्याच्या टोकाला नेऊन ठेवली. त्या दिवशी त्यांच्या पायात चपलेऐवजी बूट होते म्हणून पाय वाचले.

आत फरशी सोडा वॉटरसारखी फसफसत होती. ॲसिड मारायला लॅबमध्ये खायचा सोडा होता फक्त २०० ग्रॅम. शिपाई पोराला किराणा दुकानात पिटाळलं, त्याने दुकानातली होती नव्हती तेवढी पाकिटं आणली. संध्याकाळी बसून हिशोब केला तेव्हा कळलं की एक लिटर तीव्र हायड्रोक्लोरिकला जवळजवळ एक किलो खायचा सोडा लागतो आणि एक लिटर तीव्र सल्फ्युरिकला तीन किलो. म्हणजे २०० ग्रॅमचा तो डबा आम्ही इतकी वर्षं नुसता मनाच्या समाधानासाठी ठेवला होता.

कपाटाच्या आतल्या बाजूला, बुचांवर, लेबलांवर सगळीकडे पांढरी भुकटी आहे. तो नवसागर. ॲसिडची वाफ आणि अमोनियाची वाफ बंद कपाटात रोज एकमेकींना भेटत होत्या आणि उरलेली वाफ लोखंड खात होती. हुक का गंजले त्याचं उत्तर तिथेच आहे.

प्राचार्यांना लेखी दिलं. स्टोअर पंधरा दिवस बंद आणि सगळं नव्याने लावायचं असं ठरलं.

१६ ऑक्टोबर

यादी केली. एकूण १३८ बाटल्या, त्यातल्या २९ वर लेबल नाही किंवा वाचता येत नाही.

सगळ्यात धक्का बसला तो मांडणीचा. कधीतरी कुणीतरी सगळं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलं होतं, दिसायला एकदम शिस्तीत, तपासणीला आलेले साहेबसुद्धा कौतुक करून जायचे. पण त्या क्रमामुळे ॲसिटोन, ॲसिटिक ॲसिड, अल्कोहोल, अमोनिया एका ओळीत, नायट्रिक ॲसिडच्या अंगाला अंग लावून नायट्रोबेंझीन, आणि रॉकेलात बुडवलेल्या सोडियमच्या बरणीपासून हातभर अंतरावर सल्फ्युरिकचे पाण्यात केलेले द्राव. नायट्रिक सांडून शेजारच्या सेंद्रिय द्रवात गेलं तर बाहेरून काडी लावायची गरजच नाही, ते आपोआप तापतं आणि पेटूही शकतं.

मग कागदावर पाच गट पाडले. पेटणारे द्रव, म्हणजे स्पिरिट, ॲसिटोन, मिथेनॉल, बेंझीन. साधी ॲसिडं, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक, पण वेगवेगळ्या ट्रेमध्ये. नायट्रिक एकटं, त्याच्या आसपास लाकूड, कागद, स्पिरिट काही नको. अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोडा वगैरे, आणि अमोनिया. आणि सोडियम वेगळं, कोरड्या जागी.

ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडवर खूप वेळ गेला. नावात ॲसिड आहे म्हणून मी ते ॲसिडांत टाकलं होतं, पण त्याची वाफ ३९ अंशांना ठिणगीने पेट घेण्याइतकी होते आणि आपल्याकडे मार्च संपता संपता खोली तेवढी तापते. केमिस्ट्रीच्या सरांना विचारून ते पेटणाऱ्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात वेगळ्या ट्रेमध्ये ठेवलं, नायट्रिकपासून खोलीचं दुसरं टोक.

१८ ऑक्टोबर

आज काम अर्ध्यावर थांबवलं. मागच्या रांगेत ईथरची बाटली सापडली, ५०० मिलीची, पाव भरलेली, बायोलॉजीच्या डिसेक्शनच्या काळातली. कधी उघडली त्याची तारीख नाही. मी हात पुढे केला तर काका ओरडले, "मॅडम, थे बाटली हात नोका लावू, बुचाले मीठ आलं हाये!" बुचाभोवती खरंच पांढरं काहीतरी होतं. नवसागर असेल असं वाटलं, पण ईथर उघडून वर्षानुवर्षं पडून राहिलं तर हवेने त्यात पेरॉक्साइड तयार होतं आणि ते बुचाच्या आट्यांत साठलं असेल तर बूच फिरवल्याच्या घर्षणानेसुद्धा स्फोट होऊ शकतो. बाटली होती तिथेच ठेवली, खोलीला कुलूप लावलं, दारावर कागद चिकटवला.

ईथर ३४.६ अंशांना उकळतं. आज दुपारी दोनला स्टोअरमधला थर्मामीटर ३६ दाखवत होता.

एका शिक्षकांनी सुचवलं की स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये ठेवू. अजिबात नाही. घरगुती फ्रिजच्या आत थर्मोस्टॅट आणि दिव्याच्या बटणाची ठिणगी पडते आणि ईथरची वाफ बंद फ्रिजात कोंडलेली असते.

२५ ऑक्टोबर

विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागातले एक सर आले. आधी बाटलीला न शिवता टॉर्च लावून आत बघितलं, स्फटिक नव्हते, द्रव स्वच्छ होता, बुचावरचा नवसागरच निघाला. तरी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढून, चेहऱ्यापुढे शील्ड घेऊन त्यांनी स्वतः उघडली आणि पोटॅशियम आयोडाइडने टेस्ट केली, तर पिवळा रंग आला. म्हणजे पेरॉक्साइड होतंच, कमी होतं इतकंच. पुढचं सगळं त्यांनीच केलं आणि आपल्या बाटलीत भरून नेलं. आत स्फटिक दिसले असते तर मीही हात लावला नसता, थेट बॉम्ब शोधक पथकाला कळवायला लावलं असतं, असं ते म्हणाले. कुणाकडे असली जुनी बाटली असेल तर प्लीज स्वतः उघडून बघू नका.

आठवडा गेला यात. चालेल.

११ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत लोखंडी कपाट काढून गवंड्याकडून भिंतीत कडाप्प्याच्या फळ्या बसवून घेतल्या, मजुरीसकट ३,४०० रुपये. आज त्यावर ॲसिडच्या बाटल्या मांडल्या. एका बाटलीच्या तळाला थेंब होता, तो कडाप्प्यावर लागला आणि फेस आला. बोटाच्या पेराएवढा पांढरा डाग पडला, नखाने खरवडला तर खडबडीत लागला.

कडाप्पा म्हणजे चुनखडीच. शहाबादी फरशीसुद्धा चुनखडीच, आणि ती फसफसताना मी महिन्याभरापूर्वीच डोळ्यांनी बघितली होती. तरी लोखंड नको, लाकूड नको म्हटल्यावर आपल्याकडे जे पहिलं आठवतं तेच सांगून बसले. ही चूक पूर्ण माझी.

पैसे परत येणार नाहीत, म्हणून कडाप्पा पेटणाऱ्या द्रवांना दिला, त्यांना तो उत्तम आहे. ॲसिडांसाठी ग्रॅनाइट. मार्बलच्या दुकानात किचन ओट्याचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात, २,२०० रुपयांत तीन फळ्या झाल्या. विकत घ्यायच्या आधी दुकानाच्या मागे प्रत्येक तुकड्यावर पातळ हायड्रोक्लोरिकचा थेंब टाकून बघितला, दुकानदार जरा चिडला पण फेस नाही आला. फळ्या जमिनीपासून कमरेपर्यंतच ठेवल्यात. डोळ्यांच्या वर ॲसिडची एकही बाटली नाही.

प्रत्येक गटाखाली जाड प्लास्टिकचे खोलगट ट्रे, १२ ट्रे, १८० रुपयांचा एक. ट्रे घेताना एवढं बघा की त्यातली सगळ्यात मोठी बाटली फुटली तर तिचं सगळं द्रव ट्रेमध्ये मावलं पाहिजे. मी आधी आणलेले चार ट्रे उथळ निघाले, बदलून आणायला एक खेप वाया गेली.

१९ नोव्हेंबर

लेबलं. पहिल्यांदा मार्करने लिहिली, स्पिरिटचा ओघळ आला की नाव गायब. मग कॉम्प्युटरवर प्रिंट काढून वर सेलोटेप लावली, हायड्रोक्लोरिकच्या बाटलीवर तीन आठवड्यांत टेप पिवळी पडून सुटली. काकांनी जुनी पद्धत सांगितली आणि तीच टिकली. कागदावर साध्या शिसपेन्सिलीने लिहायचं, डिंकाने चिकटवायचं, सुकलं की वितळलेल्या मेणाचा हात फिरवायचा. पेन्सिलीच्या शिशाला ॲसिडही काही करत नाही आणि स्पिरिटही. मेण फक्त गरम पाण्याच्या भांड्यात वितळवायचं, आणि ते काम बाहेर व्हरांड्यात.

लेबलवर नाव, तीव्रता, बनवल्याची तारीख आणि बनवणाऱ्याची सही, चारही हवंच. "डाय. ॲसिड" एवढंच लिहिलेल्या सहा बाटल्या निघाल्या, कोणतं ॲसिड ते लिटमसने थोडंच कळतं.

बिनलेबलाच्या २९ आणि जुन्या बेंझीनसकट एकूण ३४ बाटल्या बेसिनमध्ये ओतायच्या नाहीत असं ठरलं. नागपूरजवळ बुटीबोरीला घातक कचऱ्याची अधिकृत सोय आहे, तिथे पाठवायचा पत्रव्यवहार सुरू केलाय. तोपर्यंत त्या वाळूच्या ट्रेमध्ये, कुलपात.

३ डिसेंबर

सांडलेलं टिपायला मी एका खोक्यात लाकडाचा भुसा भरून ठेवला होता. गॅरेजमध्ये ऑइल सांडलं की टाकतात, ते बघून. आज नायट्रिकची बाटली ओतताना ३०-४० मिली टेबलावर गेलं आणि काकांनी त्या खोक्यातला भुसा दोन ओंजळी टाकला. आधी भुसा पिवळा झाला, मग कडेने तपकिरी, मग त्यातून लालसर वाफ यायला लागली आणि हात जवळ नेला तर चुलीच्या राखेसारखी धग. काकांना मागे ओढलं, खिडक्या उघडल्या, लांब चिमट्याने पत्र्याच्या सुपड्यात ओढून बाहेर मोकळ्या जागेत टाकलं आणि वरून बादलीभर पाणी. अजून पाच मिनिटं गेली असती तर पेटलं असतं असं मला मनापासून वाटतं.

भुसा आजच फेकला. आता दोन बादल्या कोरडी वाळू आणि १० किलो खायचा सोडा, ६५० रुपये. सोडा कडेकडेने टाकत मध्ये यायचं, एकदम मध्ये ओतला तर फेसाबरोबर ॲसिड उडतं. आणि हा सोडा फक्त फरशीसाठी आणि टेबलासाठी. अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर पाणी, पाणी आणि पाणीच.

काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं हळदीसारखी पिवळी झालीत. नायट्रिकने होतं ते, धुऊन जात नाही, कातडी बदलेल तेव्हाच जाईल. दवाखान्यातले पातळ हातमोजे ॲसिडला पुरत नाहीत, जाड रबरी मोजे दोन जोड्या मागवले.

१२ डिसेंबर

प्रॅक्टिकलच्या तयारीला ५ एन (नॉर्मल, तीव्रतेचं माप) सल्फ्युरिक दोन लिटर करायचं होतं, म्हणजे साधारण २८० मिली तीव्र ॲसिड. पाण्यात ॲसिड, हे सगळ्यांना पाठ आहे, मलाही. पण मी ते थेट जाड काचेच्या रिएजंट बाटलीत केलं. बाटलीत ढवळता येत नाही, ॲसिड पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड, ते सरळ तळाला जाऊन बसलं आणि तळ तापला. साधी काच, जाड बूड, वरची भिंत गार. टक असा बारीक आवाज आला आणि मी बाटली उचलली तर बूड टेबलावरच राहिलं, एकदम गोल, कंपासने कापल्यासारखं. ट्रेमध्ये करत होते म्हणून सगळं ट्रेमध्ये राहिलं, नाहीतर दोन लिटर गरम ॲसिड माझ्या मांडीवर होतं.

आता असं करतो. बोरोसिलचा मोठा बीकर, तो पाण्याच्या टबमध्ये, बीकरमध्ये आधी लागणाऱ्या पाण्यातलं बरंचसं पाणी, ॲसिड काचेच्या कांडीवरून २०-२५ मिली, ढवळायचं, बाहेरून हात लावून बघायचं, कोमट झालं की थांबायचं. ४० मिनिटं लागतात. पूर्ण गार झाल्यावरच बाटलीत. गॉगल कपाळावर नाही, डोळ्यांवर.

अजून एक, भरलेली बाटली मानेला धरून नेऊ नका. अडीच लिटर सल्फ्युरिकचं नुसतं द्रव साडेचार किलोच्या वर भरतं. आम्ही आता हँडलच्या प्लास्टिक बादलीत ठेवून नेतो.

२८ डिसेंबर

दोन दिवस कडाक्याची थंडी, सकाळी ग्लेशियल ॲसिटिक बाटलीत गोठलेलं. १६.६ अंशांखाली ते गोठतं, बिघडलेलं नाही. कोमट पाण्याच्या बादलीत बूच किंचित सैल करून ठेवलं, तासाभरात मोकळं झालं. दिव्यावर धरायचं नाही.

९ जानेवारी २०२५

दिव्यावरूनच आज काकांशी थोडं वाजलं. अल्कोहोलिक पोटॅशच्या, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या कॉस्टिक पोटॅशच्या बाटलीचं काचेचं बूच चिकटलं होतं, अल्कली काच खाते त्यामुळे बूच आणि मान एकजीव होतात. काका नेहमीच्या सवयीने मान स्पिरिटच्या दिव्यावर फिरवायला निघाले. पाण्यातल्या कॉस्टिक सोड्याला त्यांनी हे आयुष्यभर केलंय आणि कधी काही झालं नाही. पण इथे आत अल्कोहोल आहे, म्हणजे पेटणारंही तेच आणि भाजणारंही तेच. बूच उडालं असतं तर पेटलेला पोटॅश तोंडावर. मी आवाज चढवला, नंतर वाईट वाटलं. दुपारी चहा पिताना बोललो, तेही म्हणाले की बरोबर आहे.

ती बाटली तशीच ३४ बाटल्यांच्या ट्रेमध्ये गेली, आता ३५. पुढे अल्कलीला काचेचं बूच नाही, आट्यांच्या झाकणाच्या प्लास्टिक बाटल्या. अल्कोहोलिक पोटॅश तसंही काही दिवसांत तपकिरी होतं, म्हणून लागेल तेवढंच, १०० मिली, त्याच आठवड्यात.

१७ जानेवारी

स्पिरिटचे दिवे. आमच्याकडे पाच लिटरचा कॅन वर्गात टेबलाखाली असायचा आणि दिवा संपला की पोरंच भरायची, कधी कधी वात गरम असताना. अल्कोहोलची वाफ १३ अंशांनाच पेट घेण्याइतकी होते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. आणि उन्हात त्याची ज्योत दिसत नाही, दिवा विझलाय असं वाटतं. आता कॅन स्टोअरमधून बाहेर येत नाही, आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं दिवे भरतो, दोन तृतीयांशापर्यंत, वर्गात भरणं बंद. प्रत्येक बेंचवर एक दिवा जादा ठेवला म्हणजे मध्येच भरायची वेळ येत नाही.

डोळे धुवायची सोय पण आजच झाली. १५ मिनिटं सतत पाणी लागतं. आमचा नळ मोजला तर मिनिटाला सहा लिटर, म्हणजे ९० लिटर, आणि गावात नळ रोज येत नाही. २०० लिटरचा ड्रम स्टँडवर, खाली तोटी, त्याला मऊ रबरी नळी. १,९०० रुपये. त्याआधी ५०० मिलीच्या वॉश बाटल्या होत्या, मिनिटभरात संपणाऱ्या. दर सोमवारी ड्रम रिकामा करून भरायचा, ते पाणी झाडांना.

४ फेब्रुवारी

प्रॅक्टिकल परीक्षा चालू आहे. संध्याकाळी आवरताना खिडकीत टॉलेन्स रिएजंटची (ॲल्डिहाइड ओळखायच्या चांदी-अमोनियाच्या द्रावणाची) अर्धी बाटली सापडली, दोन बॅचआधी केलेली, तळाशी काळपट साका. टॉलेन्स ठेवला की त्यात चांदीचं स्फोटक संयुग तयार होऊ शकतं, साका सुकला की धक्क्यानेही उडतं. ही काही तासांचीच होती आणि ओली होती, सरांनी पातळ नायट्रिक टाकून तिथल्या तिथे निकामी केली. उद्यापासून टॉलेन्स टेस्टट्यूबमध्येच, लागेल तेव्हा, आणि वापरून झाला की पातळ नायट्रिक टाकूनच बाहेर.

चार तुकड्या झाल्या, कुणाला भाजलं नाही. एका मुलीच्या ओढणीवर हायड्रोक्लोरिक पडलं, तिला लगेच ड्रमपाशी नेलं.

१० मार्च

रजिस्टर. १८ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ॲसिडच्या विक्रीवर जे आदेश दिले ते आपण दुकानदारांपुरते समजतो, पण त्यात शिक्षणसंस्था आणि लॅबसुद्धा आहेत. वापराचं रजिस्टर ठेवायचं, ते उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचं, साठ्याला एक माणूस जबाबदार हवा. आमच्याकडे रजिस्टर होतं पण त्यात फक्त खरेदी. आता प्रत्येक वेळी किती मिली काढलं, कशाला, कुणी. जबाबदार म्हणून माझं नाव लावलं, मीच मागून घेतलं. किल्ली दोनच, एक माझ्याकडे, एक प्राचार्यांच्या कपाटात.

२ मे

सुट्टीआधीची शेवटची फेरी. बाहेर ४४. टिनाखाली स्टोअर तापू नये म्हणून वर चुना मारून घेतला आणि आतून फॉल्स सीलिंग, ९,००० रुपये, हाच सगळ्यात मोठा खर्च. दुपारी आत ३७ राहतं, आधी ४२ होतं.

लायकर अमोनिया ३८ अंशांच्या आसपास उकळायला लागतो, बूच उघडताच तोंडावर उडतो. एकच बाटली ठेवली, ती तळघराच्या खोलीत हलवली, उघडायची झाली तर आधी बर्फाच्या पाण्यात अर्धा तास. हायड्रोजन पेरॉक्साइडचं झाकण घट्ट लावलं होतं, बाटली फुगलेली, ती बदलून छिद्राच्या झाकणाची आणली. बुटीबोरीची गाडी २२ एप्रिलला येऊन ३५ बाटल्या घेऊन गेली, ७,५०० रुपये आणि पाच महिन्यांचा पत्रव्यवहार.

एक्झॉस्ट फॅन अजून साधाच आहे, त्याच्या मोटरीची ठिणगी पेटणाऱ्या द्रवांच्या कपाटासमोरच पडते. स्विच टेप लावून बंद केलाय आणि भिंतीत खाली-वर जाळीच्या झडपा पाडल्यात, कारण ही वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगतच साचते. ठिणगी न पडणाऱ्या फॅनचं कोटेशन प्राचार्यांच्या टेबलावर आहे, जूनच्या मीटिंगमध्ये येईल.

काकांनी आज तीन नव्या बाटल्यांना लेबलं लावून मेण फिरवलं. सहीच्या जागी पहिल्यांदाच त्यांचं पूर्ण नाव आहे.